आपलाच धूर

रविवारी सकाळी गुलाब मेश्रामनं जीप सुरू केली आणि फुलचूरच्या त्या गल्लीत नुकताच उजाडलेला दिवस पुन्हा मावळला. शेजारच्या बाईनं दोरीवरचे कपडे ओढून घेतले, दार लावलं आणि आतून गुलाबच्या सात पिढ्यांबद्दल चार शब्द बोलली. गुलाबनं ते निमूटपणे ऐकून घेतले. ऐकून घ्यायचं आणि मग वर्षानुवर्षं मनात घोळवत बसायचं, हा त्याचा स्वभावच होता.

जीप महिनाभर अशीच काळा धूर ओकत होती. चढ आला की तिचा जीव जाई, आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दिवसरात्र जळत असे. गुलाब रोज त्या दिव्याकडे पाही, एक सुस्कारा सोडी आणि सवाऱ्या भरी. आपल्या नशिबात दिवासुद्धा पिवळाच, असं त्याला वाटे. पण आज मात्र गाडीनं धड चालणं भाग होतं, कारण आज तो बायकोला आणायला निघाला होता.

त्याची बायको अन्नपूर्णा दिवाळीपासून नवेगावबांधला माहेरी जाऊन बसली होती. कारण सांगितलं तर लोक हसतील, म्हणून दोघांनीही ते कुणाला नीट सांगितलं नव्हतं. कारण होतं माशाचं मुंडकं.

अन्नपूर्णाच्या माहेरी रीत अशी की तलावातला मोठा रोहू घरात रांधला की त्याचं मुंडकं मोठ्या जावयाच्या ताटात पडायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ते रीतसर गुलाबच्या ताटात पडलं होतं. तेव्हा घशात काटा अडकून थोडी धावपळ झाली, पण मानाच्या गोष्टीत तेवढं चालायचंच. पुढच्या वर्षी धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. नवा साडू भोजराज, पंचायत समितीत बाबू, पहिल्यांदा पंगतीला बसला, आणि सासू निर्मलाबाईंनी मुंडकं सरळ त्याच्या ताटात वाढलं. गुलाबच्या ताटात नुसत्या फोडी आल्या. तो तेव्हा काही बोलला नाही. त्यानंतर मात्र तो दुसरं काही बोललाच नाही.

त्यानं ती हकीकत बायकोला सांगितली, सवाऱ्यांना सांगितली, एकदा तर चालान फाडणाऱ्या हवालदारालाही सांगितली. घरात वरणाला मीठ कमी पडलं तरी गोष्ट फिरून त्या पंगतीवर जायची. मुलगी साक्षी नागपूरला नर्सिंगच्या होस्टेलवर गेली, ती शिकायला गेली की गोष्ट चुकवायला, हे कुणी विचारलं नाही. शेवटी गेल्या दिवाळीत अन्नपूर्णानं मोठ्या हौसेनं मासा केला, तेव्हा ताटाकडे पाहून गुलाब म्हणाला, "आपल्या वाट्याले काय, शेपटीच." अन्नपूर्णानं हातातला चमचा भांड्यात ठेवला, लुगडं बदललं आणि पुढची एसटी धरली.

काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. तिचा पुण्याचा भाऊ संघदीप माहेरी आलेला होता.

"साक्षीचे बाबा, उद्या संघदीप मले पुन्याले घेऊन जाऊन राहिला. वहिनीचं बाळंतपन आहे. मंग वर्षभर तरी काई येनं होत नाई."

"वर्षभर?" गुलाबनं विचारलं.

"दुपारच्या एसटीच्या आंधी आले तं विचार करीन. पन एक ध्यानात ठेवा. त्या मुंडक्याचं नाव जरी तोंडातून निंगालं, तं मी पुन्याले गेलीच समजा."

गुलाबनं "हव" म्हटलं. त्याला खरंच बायको हवी होती. तिच्याशिवाय घर खायला उठत होतं. रोजचं जेवण तो एका स्टीलच्या डब्यात खानावळीतून आणी, एकटाच जेवी आणि भिंतीला ती पंगतीची गोष्ट सांगे. भिंत उठून माहेरी जात नव्हती, एवढाच काय तो दिलासा होता.

पण माणसाचा स्वभाव असा सहजासहजी सुटत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या गुलाबच्या डोक्यात एक विचार आला. अन्नपूर्णानं नाव काढायला मनाई केली होती, मासा न्यायला केली नव्हती. आपण चांगला मोठा रोहू न्यावा. संघदीपला निरोप द्यायला भोजराज येईलच. रांधून झाला की पंगतीत सगळ्यांदेखत, एक शब्दही न बोलता, त्याचं मुंडकं आपल्या हातानं भोजराजच्या ताटात वाढावं. म्हणजे आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे सगळ्यांना कळेल, आणि ते किती लहान मनाचे होते हेही कळेल. हा विचार त्याला इतका आवडला की त्याला शांत झोप लागली.

गोंदियाच्या मासळी बाजारात दुर्गेश्वरीबाईच्या पाटीत तसा एक रोहू होता. तिनं त्याचे खवले काढले, पोट साफ केलं आणि विचारलं, "कुठं नेता जी?"

"नवेगावबांधले."

दुर्गेश्वरीबाईचा विळा थांबला. "मासा? नवेगावले?"

"हव."

"अवो, हा तिथूनच तं आला ना जी. काल आला बिचारा, आज वापस चालला."

"असू दे. मुंडकं लागूनच ठेव. तोडू नको."

"कल्ले काढाले मुंडकं अर्धं कापलं आता. लटकून आहे. सांभाळून नेजा."

गुलाबनं मासा पिशवीत घातला. पिशवी छोटी आणि मासा मोठा, म्हणून तो उलटा, मुंडकं खाली करून घालावा लागला. ती पिशवी त्यानं मागच्या सीटखाली ठेवली. रिकामा स्टीलचा डबा सवयीनं शेजारच्या सीटवर ठेवलेला होताच.

गोरेगाव ओलांडेपर्यंत जीप कशीबशी आली. पुढे जंगल लागलं, रस्ता जरा चढाचा झाला आणि तिनं मान टाकली. ॲक्सिलेटर पार खाली दाबला तरी गाडी आपली बैलगाडीच्या चालीनं चालली, आणि मागे धुराचा असा पडदा की आरशात रस्ताच दिसेना. सायकलवर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा बाजूनं पुढे निघून गेला. जाताना त्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "बाप्पा, ढकलू का?" गुलाबला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. दुपारची एसटी, पुणं, वर्षभर, असे शब्द त्याच्या डोक्यात गरगरत होते.

कोहमाऱ्याच्या चौफुलीवर एका ढाब्याला लागूनच मुन्नालालचं गॅरेज होतं. चार लाकडी बल्ल्या, वर टिन, आणि समोर लटकवलेला एक फाटका टायर. मुन्नालाल ट्रकवाल्यांत वाढलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात हिंदी आणि मराठी एकाच डब्यात बसून प्रवास करत. त्याला कुठल्याही गाडीचा रोग पाहताक्षणी कळे. तो रोग बहुतेक वेळा दुसराच निघे, ती गोष्ट वेगळी.

"मले दुपारच्या आत नवेगावले पोचाचं आहे, मुन्नाभाऊ. बायकोले आनाचं आहे."

"अरे टेंशन नको घेऊ. क्या हुआ बोल."

"धूर मारते. वढत नाई. आन हा दिवा जळते."

"दिवा कवापासून?"

"महिना झाला."

मुन्नालालनं दिव्याकडे गंभीरपणे पाहिलं. मग खिशातून काळ्या टेपची रिंग काढली, दातानं एक तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला. "आता दिसते?"

"नाई."

"पहले टेंशन गायब कराचं. बिमारी बाद में."

त्यानंतर त्यानं बोनेट उघडलं. आधी हवेचा फिल्टर काढून दगडावर आपटला. त्यातून धूळ, दोन पानं आणि एक मेलेला भुंगा निघाला. गाडी सुरू केली, धूर तसाच. मग त्यानं डिझेलवर संशय घेतला. "तेल कुठून भरलं? त्यात मिलावट आहे." डिझेलचा फिल्टर उघडला, तो स्वच्छ निघाला. मग त्याला इंजेक्टरचा संशय आला, मग पंपाचा, आणि प्रत्येक वेळी तो गुलाबला "मार रेस" म्हणे. गुलाब रेस मारी आणि शेजारच्या ढाब्यावर रात्र होई. जेवणारे ट्रकवाले आधी खोकले, मग शिव्या देऊ लागले, मग ताट उचलून पलीकडच्या बाजूला गेले. ढाब्याचा मालक गल्ल्यावरून ओरडला, "मुन्ना, गाडी दुरुस्त करून राहिला का मच्छर मारून राहिला बे?"

गुलाब सूर्याकडे पाहत होता. तो आपला बेफिकीरपणे वर चढत होता.

इतक्यात मुन्नालालनं नाक वर केलं. "भाऊ, गाडीत कोणीतरी मेलं आहे."

"मासा आहे."

"मंग बाहर निकाल. मले समजेनाच ना, हा वास तेलाचा आहे का कायचा."

म्हणून गुलाबनं पिशवी काढली आणि ढाब्यामागच्या बोरिंगजवळ, पळसाच्या एका खुंटलेल्या फांदीला अडकवली. थंडीचे दिवस होते, सावली होती. मासा सुरक्षित आहे असं त्याला वाटलं. गुलाबला जेव्हा जेव्हा काही सुरक्षित आहे असं वाटलं होतं, तेव्हा तेव्हा त्याचं काय झालं, हे त्यानं जरा आठवायला हवं होतं.

सगळे संशय संपले तेव्हा मुन्नालाल खऱ्या जागी पोचला. इंजिनाच्या बाजूचा मुठीएवढा एक पार्ट त्यानं खोलून हातात घेतला. आत काजळीचा असा थर होता की चुलीवरच्या तव्याची खालची बाजू त्यापेक्षा उजळ म्हणावी.

"मिल गया," तो म्हणाला. पहिल्यापासून आपल्याला हेच ठाऊक होतं असा त्याचा चेहरा होता. "इजीआर चोक आहे."

"म्हंजे काय?"

"देख. गाडी जो धूर टाकते ना, त्यातला थोडासा हा पार्ट वापस इंजिनात पाठवते."

"वापस? काऊन?"

"प्रदूषन कमी व्हावं म्हून. कंपनीचं डोकं आहे ते. थोडासा घेतला तं चालते. पन याची झडप काजळीनं जाम झाली, उघडीच राहून गेली. आता तुही गाडी दिवसभर आपलाच धूर पिऊन राहिली. ताज्या हवेले जागाच नाई. धूर पिते, आनखी काळा धूर टाकते, आन तोच पुन्हा पिते. मंग वढन कशी?"

गुलाब त्या काळ्याठिक्कर पार्टाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला त्या जीपची फार कणव आली. हे असंच काहीतरी आपण पूर्वी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आहे, असं त्याला वाटलं. मग आठवलं. दिवाळीच्या दिवशी चमचा ठेवताना अन्नपूर्णा म्हणाली होती, "तेच ते, तेच ते. घरात श्वास घ्यायले जागा ठेवली नाई तुम्ही."

"मंग आता?" त्यानं खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"साफ कराचा तं संध्याकाळपर्यंत भिजवा लागन. घाई आहे तं पट्टी मारू. मधात पत्र्याची पट्टी, रस्ताच बंद. धूर वापस जाईनच नाई. पन पत्रा पाहिजे, पातळा. माह्यापाशी नाई."

दोघांनी इकडंतिकडं पाहिलं. गुलाबची नजर सीटवरच्या स्टीलच्या डब्यावर गेली. गुलाबनं ही जीप घेतली तेव्हा भोजराजनं तो डबा भेट दिला होता, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे झाकणावर टिंबाटिंबांनी कोरून घेतलं होतं, 'श्री. भोजराज यांजकडून सप्रेम भेट'. गुलाब रोज जेवायच्या आधी ते वाचे, आणि रोज त्याचा पहिला घास कडू होई.

"हे झाकन काप," तो म्हणाला.

"अरे, चांगलं आहे ना भाऊ."

"काप म्हनतो ना!"

झाकणावर कात्री चालू लागली तसं गुलाबच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान दिसू लागलं. तो झाकण घट्ट धरून बसला. मुन्नालालनं पट्टी कापली, खिळ्यानं भोकं पाडली. 'श्री. भोजराज' एवढी अक्षरं पट्टीवर आली, 'सप्रेम भेट' जमिनीवर पडलं. पट्टी आत बसली, बोल्ट कसले गेले. साडूला आपण इंजिनात घालून वरून पाना फिरवला, या विचारानं गुलाबला जरा बरं वाटलं. आणि तेवढ्यात मागून पिशवी फाटल्याचा आवाज आला.

ढाब्याचं कुत्रं मागच्या पायांवर उभं होतं. पिशवीचा तळ फाटला होता, खालून रोहूचं मुंडकं बाहेर आलं होतं आणि कुत्र्यानं ते गालापासून धरलं होतं. दुर्गेश्वरीबाईचा अर्धा काप त्याच्या कामी आला. गुलाब पाना घेऊन धावला, कुत्र्यानं एक हिसका दिला आणि मुंडकं घेऊन पळालं. गुलाब त्याच्यामागे हायवेच्या पुलापर्यंत गेला. पुलाखाली सावलीत ते कुत्रं निवांत बसलं होतं आणि घरचा मोठा जावई असल्यासारखं मुंडकं चघळत होतं. गुलाबनं दगड उचलला, पण मारला नाही. शेवटी मान ज्याच्या नशिबात असतो त्यालाच मिळतो, असं म्हणून तो परत फिरला. चालताना त्याचे डोळे भरून आले होते.

इकडे मुन्नालालनं गाडी सुरू करून ठेवली होती. धूर नावालाही नव्हता. ढाब्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"फस्ट क्लास!" मुन्नालाल म्हणाला. "एकच गोष्ट. दिवा जळतच राहीन. गाडीले वाटते आपलं काईतरी बिघडलं. बिघडलं नाई, आपन बंद केलं. टेप लावला आहे, तिकडं पाहाचंच नाई."

कोहमाऱ्यापासून नवेगावबांधपर्यंत जीप अशी पळाली की गुलाबला भीती वाटू लागली. इतकं सुरळीत चालणं त्याच्या सवयीचं नव्हतं. मागच्या सीटखाली, दुसऱ्या पिशवीत, ढाब्यावरच्या बर्फात बिनमुंडक्याचा रोहू पडला होता. तो फेकून द्यावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण सासरी रिकाम्या हातानं जायचं कसं? आणि मासा शेवटी मासाच. कोण पाहतंय, स्वयंपाकघरात जाईल, फोडी होतील. असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि तिथंच तो फसला.

सासरच्या दारात संघदीपची बॅग भरून ठेवलेली होती. तिच्या शेजारी अन्नपूर्णाची निळी पेटी. मेहुण्याला निरोप द्यायला भोजराजही आला होता. मोठा भाबडा माणूस. जीप पाहून तो अंगणात आला आणि कौतुकानं म्हणाला, "वा दादा, धूर बंद झाला जी गाडीचा! काय केलं?"

"पट्टी मारली," गुलाब म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

सासूबाईंनी पिशवी हातात घेतली. "काय आनलं जवाईबापू?"

"मासा."

ओसरीवरचे सगळे हसले. नवेगावबांधात मासा आणणारा पहिलाच पाहुणा म्हणून संघदीपनं त्याची पाठ थोपटली. निर्मलाबाईही हसत होत्या. हसतहसतच त्यांनी कौतुकानं पिशवी तिथंच, सगळ्यांच्या मधोमध, परातीत रिकामी केली.

परातीत तो एवढा मोठा रोहू पडला. शेपटी होती, पोट होतं, पर होते. मुंडकं तेवढं नव्हतं.

हसू जागच्या जागी थांबलं. निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. त्या परातीशेजारी हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "इतके वर्स झाले जवाईबापू. अजून पोटात ठेवून आहात?"

आतून अन्नपूर्णा बाहेर आली. तिनं परातीत पाहिलं, मग गुलाबकडे पाहिलं. "मी म्हनलं होतं नाव काढू नका. तुम्ही तं नमुनाच घेऊन आले!"

"तसं नाई," गुलाब गडबडीनं म्हणाला. "कुत्र्यानं नेलं."

"काय नेलं?"

गुलाबनं तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. इतकी वर्षं तो शब्द दिवसातून दहा वेळा बाहेर पडत होता, आज त्याला दार बंद होतं. "ते," तो म्हणाला.

"ते म्हंजे?"

"तेच. जे नाई आहे, ते."

"बोला ना भाऊजी सरळ," संघदीप म्हणाला.

गुलाबनं हातानं मानेच्या वरचा भाग दाखवला, मग कुत्र्यासारखा जबडा हलवून दाखवला, मग पुलाच्या दिशेनं बोट केलं. ओसरीवर कुणालाच काही कळेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी भाबड्या भोजराजच्या डोक्यात प्रकाश पडला.

"दादा, मुंडकं म्हनता का?"

"मी नाई म्हनलं!" गुलाब एकदम ओरडला. "तुम्ही म्हनलं! सगळ्यायनं ऐकलं, हे म्हनले, मी नाई!"

कुणी हसलं नाही. अन्नपूर्णा त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली, मग वळून आत गेली. एसटीची वेळ झाली होती. संघदीपनं खाली मान घालून बॅग उचलली. गुलाबला आता तिथं उभं राहवेना. तो अंगणात आला, जीपमध्ये बसला आणि चावी फिरवली. निदान थोडा धूर तरी निघाला असता तर त्याला त्यात तोंड लपवता आलं असतं. पण हवा अगदी स्वच्छ होती. परतीचा सगळा रस्ता, फुलचूरचं ते रिकामं घर आणि ती भिंत त्याला लख्ख दिसत होती. त्याला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, पंगतीच्या दिवशीसुद्धा नाही.

मागचं दार उघडलं. निळी पेटी सीटवर आदळली. मग पुढचं दार उघडलं आणि अन्नपूर्णा शेजारी येऊन बसली.

"चला."

"कुठं?"

"घरी. कुठं म्हनजे काय?"

"पन पुनं?"

"संघदीपची सासू जाईन. चला म्हनलं ना."

गुलाबनं गाडी काढली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी झाडं सुरू झाली. तेव्हा अन्नपूर्णा म्हणाली, "जीव चालला होता तुमचा. तरी नाव काढलं नाई."

"तुले शब्द देल्ला होता."

"हव. पाहिलं मी." मग ती त्याच्याकडे वळली. "एक सांगू का? रागाचं नाई."

"सांग."

"त्या दिवशी मुंडकं मीच देल्लं होतं भोजराजले."

जीप थोडी डावीकडे गेली आणि परत सरळ झाली.

"पयल्या सनाले तुमच्या घशात काटा अडकला, तोंड निळं पडलं होतं. मी लय भेली होती. मंग मीच आईले म्हनलं, यायले मुंडकं नको देऊ, दुसऱ्याले दे. यायच्यासाठी मधातल्या चांगल्या फोडी काढून ठेव. त्या दिवशी मारे चार चार फोडी खाल्ल्या तुम्ही, त्या कोनं ठेवल्या होत्या?"

गुलाबला त्या फोडी आठवल्या. चांगल्या होत्या. त्या इतक्या वर्षांत त्याला एकदाही आठवल्या नव्हत्या.

"आन भोजराजले मुंडकं आवडत बी नाई," ती म्हणाली. "डोळे पाहून त्याले कसंतरी होते. पन मान देल्ला म्हून बिचारा दरवेळी डोळे मिटून खाते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं माह्यावर रुसले असते. आईवर रुसले तं घर तरी चाललं. आई बी म्हनली, राहू दे, मी घेईन माह्यावर."

गुलाबला लाज वाटली. परातीजवळ बसलेल्या सासूचा उतरलेला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. जिनं एवढी वर्षं मुकाट्यानं बोलणी खाल्ली, तिच्याच दारात तो बिनमुंडक्याचा मासा घेऊन गेला होता. आणि भोजराजचं नाव पाना फिरवून इंजिनात कसलेलं होतं. पुढच्या रविवारी येऊन सासूच्या पाया पडायचं आणि साडूला नवा डबा द्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं.

चढ आला आणि जीप काही न म्हणता चढून गेली. तिचा नुसता घोंघावण्याचा आवाज येत होता. गुलाब स्टिअरिंग धरून बसला होता आणि त्याला फार एकटं वाटत होतं. इतक्या वर्षांचं दुःख एका वाक्यात गेलं होतं आणि त्या जागी ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. आता सवाऱ्यांना सांगायचं काय? जेवताना बोलायचं काय?

अन्नपूर्णाचं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. "हे काळं काय चिकटवलं?" म्हणत तिनं नखानं टेप उचलला. खाली पिवळा दिवा जळतच होता.

"ते जळतच राहते," गुलाब म्हणाला. "मुन्नालाल म्हनते, धूर बंद झाला, पन गाडीले अजून वाटते का काईतरी बिघडलंच आहे. तिकडं पाहाचं नाई."

कोहमाऱ्याची चौफुली आली. ढाब्यासमोर ते कुत्रं उन्हात पाय पसरून झोपलं होतं. गुलाबनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याही नकळत त्याच्या छातीतून एक लांब सुस्कारा बाहेर पडला.

"पन काही म्हन," तो म्हणाला, "त्या दिवशी भात गारच होता."

अन्नपूर्णानं हातातला टेप परत दिव्यावर ठेवला आणि कोहमारा मागे पडेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरला.